उलटे आकडे आणि एक चमचा पावडर

छप्पन्नाव्या वर्षी प्रुफं तपासताना वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत त्याची सुरुवात माझ्या डोक्यातून निसटू लागली. जिमला जाणारा भाचा म्हणाला, "मावशी, क्रिएटिन घेऊन बघ. हल्ली डोक्यासाठीही घेतात." रोज ५ ग्रॅम असं सहा आठवडे घेतलं. त्यातून शिकले ते सांगते.

१. आधी वस्तू ओळखावी.
क्रिएटिन हे स्टेरॉइड नव्हे. शरीर रोज साधारण १ ग्रॅम स्वतःच तयार करतं. मांस-मासे खाणाऱ्यांना जवळपास तेवढंच ताटातून मिळतं. पेशीची ऊर्जा झपाट्याने खर्च झाली की ती लगेच भरून काढायचं काम त्याचं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा लागते २० टक्के. म्हणून स्मरणशक्तीच्या संदर्भात त्याचा विचार सुरू झाला.

२. एकाच प्रयोगावर विसंबू नये.
मी शाकाहारी. ऑस्ट्रेलियात २००३ साली ४५ शाकाहारी तरुणांना सहा आठवडे रोज ५ ग्रॅम दिल्यावर ते उलट्या क्रमाने आकडे म्हणण्यात सरस ठरले, एवढं वाचून मी डबा आणला. २०२३ साली १२३ जणांवर तसाच प्रयोग झाला. फायदा दिसला तो जेमतेम, आणि शाकाहारी लोकांना जास्त असंही नाही. हे मात्र मी नंतर वाचलं.

३. सरावाचं श्रेय पावडरला देऊ नये.
भाचा रोज आकडे वाचायचा, मी ते उलटे म्हणायचे. पाचावरून सातावर गेले, फार आनंद झाला. मग महिनाभर पावडर बंद ठेवली, आकडे चालू ठेवले. सात तसेच राहिले.

४. थकवा आणि विसरणं यांत फरक करावा.
जर्मनीत २०२४ साली १५ जणांना रात्रभर जागवून एकच मोठी मात्रा दिली, किलोमागे ०.३५ ग्रॅम. त्यांचा विचारांचा वेग आणि स्मरण जागरणात कमी घसरलं. म्हणजे दमलेल्या मेंदूला आधार मिळू शकतो. पण ६० किलोच्या माणसाला ही मात्रा २१ ग्रॅम होते. ती रोजची सवय नव्हे. माझ्या चुका मी तारखेनिशी लिहून ठेवल्या, तेव्हा बहुतेक दिवाळी अंकाच्या जागरणांनंतरच्या निघाल्या.

५. डॉक्टरांना सांगावं.
रक्ततपासणीत माझं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आलं आणि मी हादरले. क्रिएटिनचंच पुढे क्रिएटिनिन होतं, त्यामुळे मूत्रपिंड ठीक असतानाही आकडा वर जाऊ शकतो. हे सांगितलं नाही तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

६. मला खरं काय उपयोगी पडलं?
आता रात्री दहानंतर प्रुफं हातात घेत नाही. वाक्याची सुरुवात शेवटापर्यंत सोबत राहू लागली आहे.