एका क्रेडिटचा विषय

अगं राणी, काल फोनवर किती तणतणलीस! कोल्हापूर सोडून म्हैसूरला गेलीस ती इंजिनिअर व्हायला, आणि वेळापत्रकात काय, तर ‘बळके कन्नड’ (कन्नड न येणाऱ्यांसाठीचं व्यवहारापुरतं कन्नड), संविधान, मानवी मूल्यं. “मुलाखतीत हे कोण विचारणार, ताई?”

कुणीच नाही विचारणार. इथे मी तुझ्याच बाजूची आहे. चार वर्षांच्या 160 क्रेडिटांपैकी या कन्नडला एक क्रेडिट, आठवड्याला जेमतेम एक तास, आणि परीक्षेत चार पर्यायांतून उत्तर निवडलं की सुटलो. अशानं भाषा येत नाही, आणि माणसं तर मुळीच कळत नाहीत. तुझ्या म्हैसुरातच केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था आहे, 1969 सालची. तिथे परराज्यांतले शिक्षक कन्नड शिकायला येतात, ते दहा महिने पूर्ण वेळ बसतात.

पण त्या पेपराचा राग विषयावर काढू नकोस गं.

माणसं कळणं म्हणजे काय ते बघ. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास हे नाव ऐकलंयस? म्हैसूरचेच. महाराजा कॉलेजात शिकले, मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्यांकडे, म्हणजे आपल्या मालवणच्या माणसाकडे. 1948 मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुस्तकात त्या गावाला त्यांनी रामपुरा म्हटलंय. जमीन कुणाची, तंटा कोण मिटवतं, कोण कुणाच्या ओसरीवर बसतं, हे बघत आणि टिपत राहिले. 1970 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला आग लागून त्यांची सगळी तयार टिपणं जळाली. तरी आठवणींच्या आधारानं त्यांनी त्या गावावर पुस्तक लिहिलं, ते 1976 साली आलं. ज्या जातीकडे माणसंही जास्त आणि जमीनही जास्त, तिचा शब्द गावात कसा चालतो, हे त्यांनी उलगडून दाखवलं.

तुला काय त्याचं? उद्या पाणीयोजनेचं काम तुझ्या हाती आलं, तर पाइपाचा व्यास तू बिनचूक काढशील. पण टाकी कुठल्या आळीत बसते, शेवटच्या घरापर्यंत पाणी का पोचत नाही, आणि बैठकीत गप्प बसलेल्या बायकांना नक्की काय म्हणायचंय, हे तुला कोण सांगणार? या गोष्टी न कळल्यामुळे चांगल्या योजना कोरड्या पडतात. माझा जीव तुटतो ते बघून.

म्हणून सांगते, सारखी मराठी मुलींच्या घोळक्यात राहू नकोस. मेसमधल्या अक्कांशी रोज चार वाक्यं कन्नडमध्ये बोल, चुकली तर चुकली. त्यांचं गाव कोणतं, कावेरीचं पाणी त्यांच्या शेतात येतं का, मुलगी कितवीत आहे, विचार. देवराज मार्केटात मोगरा घेताना भाव मराठी-हिंदीत करू नकोस. म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री आवारात जयलक्ष्मी विलास वाड्यात लोकसाहित्याचं संग्रहालय आहे, ते उघडं असलं तर एक दुपार तिथे घालव.

आणि सत्राच्या शेवटी विषयाबद्दल अभिप्राय मागतात ना, तो कोरा सोडू नकोस. ‘निरुपयोगी’ एवढंच लिहून मोकळीही होऊ नकोस. स्पष्ट लिही की पर्यायांचा पेपर बंद करा. प्रत्येकीला शहरातल्या एका कामकरी माणसाशी कन्नडमध्ये बोलून चार पानं लिहायला लावा, आणि गुण त्यालाच द्या. पाठवण्याआधी मला वाचून दाखव.