पाळणाघर आणि घराचा विमा

शेजारचे मूल घटकाभर सांभाळणे हा आपल्याकडे पूर्वापार शेजारधर्म मानला गेला आहे. परंतु हल्ली आमच्या कटंगीसारख्या गावीही काही घरांतून पतिपत्नी दोघेही नोकरीस जातात, आजी-आजोबा दूर खेड्यात असतात, आणि एखादी भगिनी चार-पाच मुले दरमहा मोबदला घेऊन आपल्या घरी सांभाळते. हा उद्योग सन्मानाचाच आहे. मात्र मोबदला आला की जबाबदारीही आली. तिचा घराच्या विम्याशी काय संबंध आहे, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

समजा, स्वयंपाकघरात आग लागली. भिंत, छप्पर व कपाट जळाले आणि सांभाळावयास ठेवलेले एक बाळ भाजले. हे नुकसान दोन प्रकारचे आहे.

पहिले घराचे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एका नमुन्याची पॉलिसी देशात मिळते. आग, स्फोट, वीज, वादळ, पूर, भूकंप यांनी झालेली हानी तीत येते. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेला भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको. इमारतीचा विमा उतरविला की त्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाख रुपयांहून अधिक नाही, इतके संरक्षण घरगुती सामानालाही मिळते. परंतु ही पॉलिसी राहत्या घराची व घरगुती सामानाची आहे. तेथे पाळणाघर चालते हे कंपनीला सांगितले नसेल, तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो. विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. महत्त्वाची गोष्ट लपविली की त्याचा पायाच ढासळतो.

दुसरे नुकसान बाळाचे. वरील पॉलिसीत जादा हप्ता भरून अपघात-संरक्षण घेता येते, पण ते विमेदार व त्याची पत्नी किंवा पती यांच्यापुरते आहे. परक्या लेकराला ते लागू नाही. त्याकरिता त्रयस्थाच्या नुकसानीची जबाबदारी उचलणारा वेगळा विमा घ्यावा लागतो. पैसे घेऊन दिलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हेही ध्यानी असावे. ‘आम्ही जबाबदार नाही’ असे पालकांकडून लिहून घेतल्याने हलगर्जीपणाची जबाबदारी पुसली जाते, असे कोणी समजू नये.

तेव्हा आमच्या भगिनींनी इतके करावे. मुले किती, वयाने केवढी व किती तास असतात, हे विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर लेखीच घ्यावे. पाळणे, खेळणी वगैरे उद्योगाच्या सामानाचे काय, तेही विचारावे. घर भाड्याचे असल्यास घरमालकाची लेखी संमती घ्यावी. त्याचा विमा इमारतीचा असतो, आपल्या सामानाचा नव्हे. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय संरक्षण सुरू होत नाही, हे विसरू नये. तक्रार उद्भवल्यास प्रथम कंपनीकडे करावी. तेथे दाद न लागल्यास मध्यप्रदेशाकरिता भोपाळ येथे विमा लोकपालाचे कार्यालय आहे.

विम्याने भाजलेला हात बरा होत नाही. म्हणून चूल व सिलिंडर मुलांपासून दूर, विहिरीला व टाक्याला झाकण, आणि नजर मुलांवर, ही काळजी आधी, कागद त्यानंतर. पण कागदही हवाच. आई आपले मूल ज्या उंबरठ्याआत ठेवून निर्धास्त कामावर जाते, त्या घराने दोन्हीकडून सावध असावे, अशी आमची विनंती आहे.