आपल्या जिल्ह्याची थोर माणसे

मोठी माणसे मुंबई-पुण्यातच होतात, असे पुष्कळांना वाटते. ते काही खरे नव्हे. पालघर, बोईसर, डहाणू, तलासरी ही तर आपल्या पायाखालची गावे. येथेही थोर कामे झाली. त्यांतली काही आज आम्ही सांगतो.

देशासाठी

१४ ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’ची चळवळ चालू होती. पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला. गोळीबार झाला. पाच जण पडले. त्यांची नावे मोठ्याने वाचा: काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, सुकूर गोविंद मोरे. पालघरच्या हुतात्मा चौकातून आपण कितीदा तरी जातो. तो चौक यांचा.

गरिबांसाठी

लग्नाला सावकाराचे चार पैसे घेतले, की वारली नवराबायको त्याच्या वेठीला लागत. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून हिंडल्या. लोक एकजुटीने उठले. त्यांनी वेठ नाकारली.

मुलांसाठी

त्याच साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. मुले शाळेत येत ना, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. जोडीला अनुताई वाघ होत्या. त्या लहानपणीच विधवा झालेल्या. दिवसा नोकरी करून, रात्रशाळेत शिकून त्या मॅट्रिक झाल्या होत्या! पुढे सरकारने ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री दिली.

कलेसाठी

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे वारली. तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक लिहायचा, तो बायकांनीच, अशी चाल. होय, वारली लोक चौक ‘लिहितात’ असेच म्हणतात. जिव्यांनी हातात काडी घेतली आणि शेत, जाळे, तारपा, सारे चितारले. त्यांची चित्रे परदेशी गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

यांत कोणी बाहेरून आले, कोणी येथेच जन्मले. पण कोणी म्हटले नाही, की ‘आता वय झाले’ किंवा ‘हे आपले काम नव्हे’. पाटी हातात घेताना आपणही तसे म्हणू नये.

अभ्यास

१. लग्नगडी कोणाला म्हणत?
२. अनुताई मॅट्रिक कशा झाल्या?
३. पाच हुतात्म्यांची नावे पाटीवर लिहा. घरच्यांना वाचून दाखवा.