पाणी नेमकं कुठून येतंय?

पातळी ४ : वाचन आणि आकलन

वाचण्याआधी : तुमच्या घरातला नळ कधी ठिबकला आहे का? तेव्हा घरच्यांनी आधी काय केलं? दोन वाक्यांत सांगा.



समजा, अमेरिकेतल्या तुमच्या गावच्या मराठी मंडळाने एक वापरलेलं कॉफी व्हेंडिंग मशीन स्वस्तात घेतलं. दिवाळीचा कार्यक्रम आठवड्यावर आलाय. मशीन जोडलं, कॉफीही छान आली. पण अर्ध्या तासाने बघतो तर खाली पाण्याचं तळं! एक काका म्हणतात, "खालची नळी बदला." एक मावशी म्हणतात, "टाकून द्या, जुनंच आहे ते." आत मात्र अजून कोणीच बघितलेलं नाही.

अशा वेळी आपल्याकडे म्हणतात, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी." म्हणजे अडचण एकीकडे आणि उपाय भलतीकडेच. पाणी वरून निघतं, पत्र्याच्या कडेने ओघळत जातं आणि दुसऱ्याच कोपऱ्यात पडतं. म्हणून थेंब जिथे पडतो ती जागा नाही, तर सगळ्यात उंच ओली जागा शोधायची.

आधी सुरक्षितता. पाणी आणि वीज एकत्र आली की जिवाला धोका असतो. म्हणून आधी प्लग काढायचा, नळ बंद करायचा आणि बॉयलर थंड होऊ द्यायचा. मशीन उघडण्याचं काम मोठ्यांचं. तुम्ही निरीक्षण करा आणि वहीत लिहा. दार उघडलं की मशीन बंद करणारा एक स्विच बऱ्याच मशीनमध्ये असतो. तो दाबून ठेवून मशीन कधीही चालवायचं नाही. तारा ओल्या दिसल्या, तर चाचणी करायचीच नाही, तंत्रज्ञाला बोलवायचं.

तारा कोरड्या असतील तर आतलं पाणी पुसून घ्या. मग कागदी रुमालाच्या तुकड्यांवर १, २, ३ असे आकडे घाला आणि ते तळाशी, तारांपासून आणि गरम भागांपासून दूर ठेवा. आता तीन वेळा तपासायचं. प्रत्येक वेळी दार बंद ठेवायचं आणि मशीन चालवलं असेल, तर प्लग काढूनच कागद बघायचे.

१. वीज बंद, नळ सुरू. आताच गळत असेल तर पाणी आत आणणारी नळी किंवा तिचा रबरी वॉशर बघा. वीज नसतानाही टाकी भरत राहून ओसंडत असेल, तर पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. त्यात बहुधा कचरा किंवा क्षार अडकलेले असतात.

२. पाणी तापताना. २० अंश सेल्सिअसचं पाणी ९५ अंशांपर्यंत तापलं की सुमारे ४ टक्के फुगतं. त्यामुळे जादा पाण्याच्या नळीतून थोडे थेंब ट्रेमध्ये पडले, तर तो बिघाड नाही. पण बॉयलरच्या जोडापाशी ओलं असेल, तर तिथली रबरी रिंग कडक झालेली असू शकते.

३. कप भरताना. फक्त तेव्हाच गळत असेल, तर गरम पाण्याच्या नळ्या आणि पावडर मिसळण्याचं भांडं तपासा. ओली पावडर साचून वाट तुंबली की पाणी वरून सांडतं. कप भरल्यावरही तोटी ठिबकत राहिली, तर बाहेरच्या व्हॉल्व्हमध्ये क्षार बसले असण्याची शक्यता आहे.

वापरलेल्या मशीनला आणखी एक प्रश्न विचारायचा : मागचा हिवाळा याने कुठे काढला? पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. थंड गॅरेजमध्ये आत पाणी राहिलं असेल, तर व्हॉल्व्हला किंवा नळीला बारीक चीर पडू शकते. चीर पडलेला भाग चिकटवायचा नाही, बदलायचा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा तपासा. कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधली चूक आम्ही अशीच शोधतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गळती थांबली तरी कशामुळे थांबली ते कळत नाही. वॉशर किंवा रिंग स्वस्तात मिळते. बॉयलरलाच तडा गेला असेल, तर मात्र मावशींचं म्हणणं बरोबर ठरेल!

शब्दांची गंमत

- गळणे : पावसात छप्पर गळतं.
- ठिबकणे : नळ थेंब थेंब ठिबकतो.
- पाझरणे : मातीचा माठ पाझरतो.
- झिरपणे : पावसाचं पाणी जमिनीत झिरपतं.
- ओसंडणे : बादली भरून ओसंडते.
- बंब : याचे दोन अर्थ आहेत. एक आग विझवणारा, दुसरा अंघोळीचं पाणी तापवणारा. मशीनमधला बॉयलर कोणत्या बंबासारखा आहे?

स्वाध्याय

१. योग्य क्रियापद भरा : (अ) टाकी भरून पाणी ______. (आ) कप काढल्यावरही तोटी ______.

२. रात्रभर वीज बंद होती, नळ सुरू होता. सकाळी टाकी ओसंडलेली दिसली. कोणता भाग तपासाल? का?

३. कागद १ कोरडा, कागद २ ओला. कागद २ च्या वर बॉयलरचा जोड आहे. यावरून जोडच गळतोय असं खात्रीने म्हणता येईल का? कारण लिहा.

४. "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी" ही म्हण वापरून शाळेतला एक प्रसंग पाच ओळींत लिहा आणि घरी आजी-आजोबांना वाचून दाखवा.