देवी, लस आणि लोकमत

मराठीत ज्या रोगाला ‘देवी’ म्हणत, त्याच रोगाला तमिळ भाषेत ‘अम्मै’, म्हणजे आई, असे नाव होते. देवीचा रोग म्हणजे ‘पेरियम्मै’, मोठी आई. कांजिण्या म्हणजे ‘चिन्नम्मै’, धाकटी आई. गोवरालाही ‘तट्टम्मै’ असे नाव आहे. एकमेकींपासून इतक्या निराळ्या असलेल्या या दोन भाषांनी एकाच रोगाकडे एकाच नजरेने पाहावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. देवी ‘होत’ नसत, त्या ‘येत’. ज्या अंगावर त्या येत, ते अंग काही दिवसांपुरते देवतेचे ठाणे बने. मग या रोगाची लस टोचून घेणे म्हणजे काय? मराठीत लोक ‘देवी काढणे’ म्हणत आणि तमिळमध्ये ‘अम्मै कुत्तुदल’, म्हणजे शब्दशः ‘आई टोचणे’. ज्या पाहुणीला नमस्कार करावयाचा तिलाच सुईने टोचावयाचे, हा पेच त्या शब्दातच होता.

लसीकरणाविषयीचे लोकमत कसे घडते हे समजून घ्यावयाचे असेल, तर तंजावरइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. येथे सुमारे पावणेदोनशे वर्षे भोसले घराण्याचे राज्य होते. मराठी बखरी, मोडी कागद आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेख यांमुळे हे गाव मराठी वाचकाला परके वाटत नाही. शहराच्या पूर्वेला काही किलोमीटरांवर पुन्नैनल्लूर येथे मारीअम्मनचे प्रसिद्ध देवालय आहे. मारीअम्मन ही पावसाची आणि त्याचबरोबर देवी, गोवर, कांजिण्या यांची देवता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांना देवीने दृष्टांत दिला आणि पुन्नै वृक्षांच्या रानात आपण वारुळाच्या रूपाने आहोत असे सांगितले, अशी या स्थानाची आख्यायिका आहे. पुढे तुळजाराजांच्या मुलीची आजारात गेलेली दृष्टी येथील सेवेने परत आली, असेही सांगतात. देवीच्या रोगाने दृष्टी जाणे ही त्या काळची नित्याची दुर्घटना होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कथेमागील व्यथा कळते. मूळ मूर्ती वारुळाच्या मातीची असल्यामुळे तिला पाण्याचा अभिषेक करीत नाहीत.

घरात अम्मै आली की काय करावयाचे, याचे नियम ठरलेले होते. दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधावयाचे, म्हणजे येणाऱ्याने ओळखावे आणि परत फिरावे. आजाऱ्याला निंबाच्या पाल्यावर निजवावयाचे, शहाळ्याचे पाणी आणि पातळ पेज यांसारखे थंड पदार्थ द्यावयाचे, घरात फोडणी तळणी करावयाची नाही, औषध द्यावयाचे नाही. खपल्या धरल्यावर निंबाच्या पाण्याने स्नान घालून देवीला निरोप द्यावयाचा. यातील रोग्याला वेगळे ठेवण्याची आणि परक्यास मज्जाव करण्याची रीत आजचे वैद्यकही नाकारणार नाही. या आचाराला नुसते ‘अज्ञान’ म्हणून निकालात काढणाऱ्या अधिकाऱ्यांना लोकांचा नकार कधीच समजला नाही, याचे नवल वाटावयास नको.

उलट, श्रद्धा आणि नवे वैद्यक ही एकमेकांची वैरीच असतात, ही समजूतही तंजावरात टिकत नाही. दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महालात पाश्चात्त्य वैद्यकाचे ग्रंथ जमवले, धन्वंतरी महालात देशी आणि विलायती दोन्ही उपचारांची सोय केली, आणि नेत्ररोग्यांच्या तपासणीची व शस्त्रक्रियांची तपशीलवार टिपणे ठेवविली. याच राजांनी पुन्नैनल्लूरच्या देवालयाला मंडप आणि प्राकार बांधून त्याचा विस्तार केला. एका हातात शस्त्रक्रियेची हत्यारे आणि दुसऱ्या हातात देवीचा प्रसाद घेताना त्यांना काही विसंगती वाटली असेल, असे दिसत नाही.

एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवींची लस टोचण्याचा प्रयोग केला. ती लस बगदाद आणि बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती प्रथम ‘लागली’. तेथून त्याच वर्षी ती मद्रास इलाख्यात गेली. ‘गेली’ म्हणजे कशी, हे नीट पाहिले पाहिजे. उष्ण हवेत लस टिकत नसे. म्हणून एका मुलाच्या दंडावर फोड उठला की आठव्या दिवसाच्या सुमारास त्यातील द्रव काढून दुसऱ्याला टोचीत, दुसऱ्याचा तिसऱ्याला. सारांश, लस माणसांच्या साखळीतूनच प्रवास करी.

लोकांचा विरोध या साखळीपाशी होता. कोणत्या जातीच्या मुलाच्या अंगातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार, हा पहिला प्रश्न. आणि दुसरा, जो सरकारी अहवाल लिहिणाऱ्यांना कमी महत्त्वाचा वाटे, तो असा की आठव्या दिवशी आपल्या तापलेल्या मुलाचा फोड परक्यासाठी पुन्हा फोडू द्यावयाचा. आईबाप टोचून घेत आणि आठव्या दिवशी मूल घेऊन दुसऱ्या गावी निघून जात. बंगालमध्ये टीकादार हे परंपरागत टोचणारे लोकांच्या परिचयाचे होते. ते खऱ्या देवींचा द्रव टोचीत आणि त्याबरोबर देवीची पूजाही करीत. दक्षिणेत ही चाल फारशी रुजलेली नव्हती. त्यामुळे येथे टोचणारा हा कंपनी सरकारचा नोकर म्हणूनच दारात उभा राहिला.

लोकांचे मन वळविण्यासाठी काही अधिकाऱ्यांनी जो मार्ग काढला तो मोठा विलक्षण आहे. मद्रासचे जिल्हाधिकारी फ्रान्सिस व्हाइट एलिस हे तमिळचे आणि संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. त्यांनी धन्वंतरी आणि शक्ती यांच्या संवादाच्या रूपाने गाईच्या देवींची एक ‘पुराणकथा’ रचली आणि लशीचे नाते पंचगव्याशी जोडले. गाय पवित्र, तेव्हा तिची ही देणगीही पवित्र, असा तो युक्तिवाद होता. पुढे १८१९ च्या जानेवारीत ‘मद्रास कुरिअर’ या वृत्तपत्रात ‘कल्वि विरुंबन’, म्हणजे विद्याप्रेमी, या टोपणनावाने एक पत्र प्रसिद्ध झाले. गाईच्या सडावरील फोडाचा द्रव टोचण्याची कृती प्राचीन संस्कृत ग्रंथात सांगितलेली आहे, असे त्यात प्रतिपादन होते आणि वचनेही दिलेली होती. त्या वचनांना कोणत्याही अस्सल प्राचीन ग्रंथात आधार नाही, हे आधुनिक संशोधनाने दाखवून दिले आहे. गंमत अशी की फ्रेंच मिशनऱ्यांमध्ये प्रचलित असलेला ‘एझुर वेद’ हा बनावट आहे हे साधार सिद्ध करणारे विद्वान हेच एलिस होत.

हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. पण सद्हेतूने पेरलेले असत्य किती चिवट असते, याचा हा नमुना आहे. तो मजकूर युरोपातील वैद्यकीय ग्रंथांत शिरला. १९०५ साली मद्रासजवळ गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटच्या समारंभात, म्हणजे लस तयार करण्यासाठीच स्थापन झालेल्या संस्थेत, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड अँपथिल यांनी धन्वंतरीच्या त्या कथित वचनाचा आधार देऊन प्राचीन भारतात लसीकरण असण्याचा संभव वर्णिला. ‘हे तर आपल्या पूर्वजांना ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्यांच्या लेखनात ते वचन आजही भेटते. लोक मात्र त्यामुळे लशीकडे वळले नाहीत. ते वळले ते वासराच्या कातडीवर लस तयार होऊ लागून दंडाची साखळी संपली तेव्हा, शेजारची टोचलेली मुले साथीतून वाचलेली दिसली तेव्हा, आणि पुष्कळदा कायद्याच्या धाकानेही. टोचण्याच्या जुन्या फिरत्या हत्याराने दंडावर मोठ्या जखमा होत, ताप येई. कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या लावणीच्या दिवसांत रोजगारी बाईला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणे. हे कारण कोणत्याही पुराणकथेने दूर होण्यासारखे नव्हते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आलेल्या दुटोकी सुईने ते बऱ्याच अंशी दूर केले. १९७५ मध्ये देशातील शेवटचा रोगी आढळला आणि १९७७ च्या एप्रिलमध्ये भारत देवीमुक्त ठरला. पुन्नैनल्लूरची गर्दी मात्र ओसरली नाही. कांजिण्या आणि गोवर यांसाठी तिकडे नवस बोलले जातच राहिले.

देवीच्या लशीला झालेला विरोध अशिक्षितांचा होता असे कोणी म्हणत असेल, तर त्याने बी.सी.जी.चा वाद आठवावा. क्षयावरील या लशीची देशव्यापी मोहीम १९५१ मध्ये सुरू झाली, आणि तिचे सर्वांत मोठे विरोधक होते चक्रवर्ती राजगोपालाचारी. १९३० साली तिरुचिरापल्लीहून तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील वेदारण्यमपर्यंत मिठाचा सत्याग्रह घेऊन जाणाऱ्या राजाजींचा शब्द या प्रदेशात किती वजनाचा होता, हे सांगावयास नको. १९५५ मध्ये त्यांनी या लशीविरुद्ध पुस्तिका लिहिली. निरोगी मुलांच्या अंगात जिवंत जंतू घालावयाचे, तेही पुरेशा पुराव्यावाचून आणि शाळांतून घाऊक प्रमाणात, हे त्यांना अमान्य होते. त्यांनी वर्तवलेले संकट ओढवले नाही. परंतु पुराव्याविषयीचा त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. १९६८ मध्ये चेंगलपट्टू जिल्ह्यात सुरू झालेल्या प्रचंड चाचणीचे निष्कर्ष १९७९ च्या सुमारास बाहेर आले तेव्हा, प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस तेथे संरक्षण देत नाही असे दिसले. अर्भकांना मेंदूच्या आवरणाचा क्षय होऊ नये यासाठी ती उपयोगी आहे, म्हणून ती आजही जन्मतःच टोचतात. शंका घेणारा शत्रू नव्हे, हे सरकारी आरोग्यखात्यांनी या प्रकरणावरून शिकावयास हवे होते. राजाजींनी आपल्या म्हणण्याखाली सही केली होती; त्यांना उत्तर देता येत होते, त्यांच्याशी वाद घालता येत होता.

सही नसलेल्या मताचे काय करावयाचे, हा पेच २०१७ मध्ये उभा राहिला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गोवर व रुबेला यांवरील संयुक्त लशीची मोहीम तमिळनाडू, कर्नाटक, गोवा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयाच्या सर्व मुलांना, मुख्यतः शाळांमधून, ती टोचावयाची होती. तोच व्हॉट्सॲपवरून संदेश फिरू लागले: लस धोक्याची आहे, तिने वंध्यत्व येते, हे परदेशांचे कारस्थान आहे. वापरली जाणारी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली होती. पण संदेश वाचणाऱ्याला ते कोण सांगणार? पालकांनी मुलांना शाळेत पाठविले नाही, आणि तमिळनाडूत मोहिमेची मुदत वाढवावी लागली. ‘लशीने मुले स्वमग्न होतात’ हा जगभर फिरणारा प्रवाद तर १९९८ च्या एका ब्रिटिश लेखातून निघालेला होता. तो लेख ज्या नियतकालिकाने छापला त्यानेच २०१० मध्ये मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र मूळ बातमीइतकी दूर जात नाही.

समाजमाध्यमांवरील संदेशाचे बळ त्यातील मजकुरात नसून तो पाठविणाऱ्याच्या नात्यात असते. मामा पाठवितो, शाळेतील दुसरी आई पाठविते, गल्लीतला दुकानदार पाठवितो. मूळ लेखक गळून जातो आणि आप्ताचा विश्वास तेवढा शिल्लक राहतो. १८१९ चे ते टोपणनावाचे पत्र आणि हा संदेश यांच्या जातकुळीत फारसा फरक नाही, इतकेच की पहिला लशीच्या बाजूने खोटे सांगत होता.

कोरोनाच्या काळात अशा मतांची मोजदाद करण्याचे शास्त्रच उदयास आले. लशीविषयीचे लक्षावधी छोटे संदेश संगणकाने अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशा गटांत वाटावयाचे, अशी त्याची पद्धत. तिचा उपयोग आहे. भीतीची लाट केव्हा उठली हे तिने चटकन कळते. परंतु रोमन लिपीत लिहिलेली तमिळ, उपरोध, सिनेमातील संवादांवर बेतलेले विनोद हे सारे यंत्राला सहज उमगत नाही. शिवाय जी शेतमजूर बाई काहीच लिहीत नाही, तिचे मत कोणत्या रकान्यात जाणार? आणि प्रतिकूल लिहिणारा प्रत्यक्षात रांगेत उभा राहून टोचून घेतो, असेही पुष्कळदा घडते.

१५ एप्रिल २०२१ रोजी लोकप्रिय तमिळ विनोदी नट विवेक यांनी चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात, लोकांनी लस घ्यावी या उद्देशाने, जाहीरपणे लस टोचून घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १७ एप्रिलला त्यांचा मृत्यू झाला. समाजमाध्यमांनी या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव जोडावयास एक तासही घेतला नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितले की हृदयाची रक्तवाहिनी पूर्वीपासून अरुंद झालेली होती. पण ज्या सरकारने कलावंताला पुढे करून लशीचा प्रचार केला त्याच्याच बाजूचे हे स्पष्टीकरण, असे लोकांना वाटले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार गेली. लसीकरणानंतरच्या विपरीत घटनांची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा निष्कर्ष, की या मृत्यूचा लशीशी संबंध नाही, ऑक्टोबरमध्ये बाहेर आला. म्हणजे सहा महिन्यांनी.

ते सहा महिने तमिळनाडूतील आरोग्यसेविकांना काढावे लागले. गावची परिचारिका बुधवारी बाळांना टोचते, गरोदर बाईचे वजन घेते, तिला प्रत्येक घरातली माणसे नावानिशी ठाऊक असतात. दुसऱ्या लाटेतील मृत्यू पाहून लोक स्वतःहून केंद्रांवर येऊ लागले. १२ सप्टेंबर २०२१ पासून सुट्टीच्या दिवशी राज्यभर हजारो ठिकाणी एकाच वेळी शिबिरे भरविण्यास प्रारंभ झाला, आणि मजुरी न बुडविता लस घेता येऊ लागली. जे तरीही आले नाहीत, त्यांच्या घरी याद्या घेऊन परिचारिका गेल्या. दाराला निंबाचा डहाळा बांधलेला दिसला तर त्या बाहेरूनच चौकशी करीत आणि त्या घराचे नाव पुढच्या आठवड्याच्या यादीत लिहून ठेवीत.