घाणा आणि बैल : घरासाठी कॉम्प्युटर कोणता घ्यावा?



या वेळचा धडा घरगुती आहे. घरात कॉम्प्युटर घ्यायचा झाला, तर पडद्याच्या मागेच सारे यंत्र बसवलेला ‘ऑल-इन-वन’ घ्यावा, की यंत्राची लहान पेटी वेगळी आणि पडदा वेगळा असा ‘मिनी पीसी’ घ्यावा, हा तो प्रश्न. आम्ही सिंगापूरला राहतो, म्हणून उदाहरणे इथली दिली आहेत. परंतु अश्दोद, लोद किंवा ठाणे येथील वाचकांनाही मुख्य हिशेब तोच लागू पडेल.

प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला. आमच्याकडे नऊ वर्षांचा एक ऑल-इन-वन होता. इस्राएलमधल्या नातवंडांशी समोरासमोर बोलणे, बँकेची कामे, सणांच्या तारखा पाहणे, सारे त्याच्यावर चाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यामानाने नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्राचा प्रोसेसर त्या यादीत बसत नव्हता. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करायचे ते असे उघडे ठेवणे शहाणपणाचे नव्हे, म्हणून ते बदलणे भाग होते. परंतु पडदा पाहावा तर लख्ख! एक डाग नाही, एक रेघ नाही. तरीही पडदा आणि यंत्र एकाच कवचात असल्यामुळे चांगला पडदा जुन्या यंत्राबरोबर टाकावा लागला. ही चूक पुन्हा होऊ नये, म्हणून आम्ही विषयाचा थोडा अभ्यास केला. तो पुढे मांडतो.

१. दोन आयुष्ये

कुलाबा जिल्ह्यात आपल्या पूर्वजांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, हे सर्वांना ठाऊक आहे. घाण्याचे काम दोघांच्या जिवावर चाले : एक घाणा, दुसरा बैल. घाणा वर्षानुवर्षे टिके. बैल मात्र म्हातारा होई. बैल थकला म्हणून कोणी घाणा फोडून जाळला नाही. दुसरा बैल आणून त्याच घाण्याला जुंपला.

कॉम्प्युटरमध्ये पडदा हा घाणा आहे आणि यंत्र हा बैल. यंत्र बहुधा झिजून मरत नाही. नवी सॉफ्टवेअर त्याला पेलेनाशी होतात, किंवा कंपनी आधार काढून घेते. पडद्याचे तसे नाही. त्याचे काम एकच, आलेले चित्र दाखवणे. ज्या मॉनिटरला २०१० साली एचडीएमआयची खाच होती, त्याला आजची पेटीही तारेने जोडता येते.

ऑल-इन-वन घेणे म्हणजे बैल घाण्याला कायमचा जखडून टाकणे होय. जोवर दोघे धडधाकट आहेत, तोवर त्यात काही अडचण नाही. अडचण येते ती एक थकल्यावर.

२. याच शहरातली एक गोष्ट

सिम वाँग हू यांनी १९८१ साली सिंगापुरात ‘क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी’ ही कंपनी काढली. १९८६ साली त्यांनी ‘क्यूबिक सीटी’ नावाचा पूर्ण कॉम्प्युटर बाजारात आणला. रंगीत चित्रे, आवाज, संगीत, चिनी भाषेची सोय, सगळे एकाच यंत्रात. तो फारसा विकला गेला नाही. त्याला साजेशी सॉफ्टवेअर थोडी होती हेही एक कारण. मग कंपनीने त्यातले आवाजाचे अंग वेगळे काढून, दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बसेल असे कार्ड केले. १९८९ सालचे ‘साउंड ब्लास्टर’ हे त्यांचे कार्ड जगभर गेले, आणि १९९२ साली ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. जे अंग सुटे होते, ते लोकांच्या घरी आधीच असलेल्या यंत्रांशी जुळले, म्हणून चालले. ही गोष्ट विक्रीची खरी, पण घरातल्या खरेदीलाही तिचा बोध घेता येतो.

३. ऑल-इन-वनची बाजू

एकाच बाजूने बोलणे बरे नव्हे. ऑल-इन-वनचे गुण खरे आहेत. एकच वीजतार. कॅमेरा, मायक्रोफोन आणि स्पीकर बहुधा आतच असतात. पेटीतून काढला, भिंतीच्या प्लगला लावला, की आजी नातवाशी बोलू लागते. काही बिघडले तर एकच दुकान आणि एकच हमी. पडदेवाला पेटीवाल्याकडे आणि पेटीवाला पडदेवाल्याकडे बोट दाखवू शकत नाही. ज्या घरी तारा जोडून देणारे कोणी नाही, तिथे ही सोय लहान समजू नये.

ही कल्पना नवीही नाही. ॲपलचा १९८४ चा पहिला मॅकिंटॉश असाच एका कवचातला होता, आणि १९९८ चा आयमॅकही. त्याच ॲपलने २००५ साली पडद्याविना ‘मॅक मिनी’ काढला. म्हणजे दोन्ही प्रकारांना गिऱ्हाईक आहे.

आता उणी बाजू. पुष्कळशा ऑल-इन-वनचे कवच उघडणे अवघड असते. काहींची काच चिकटवलेली असते. पडद्याची उंची बदलता येईलच असे नाही. सध्याच्या २४ इंची आयमॅकचा पडदा पुढे-मागे कलतो, पण वर-खाली सरकत नाही. दुहेरी नंबरचा चष्मा लावणाऱ्या वडील मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. पडदा उंच असेल तर चष्म्याच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते, आणि अर्ध्या तासात मान धरते.

४. मिनी पीसीचा पुरा हिशेब

मिनी पीसीची किंमत पाहून पुष्कळ जण फसतात. पेटी स्वस्त दिसते. पण तिच्याबरोबर पडदा, कीबोर्ड, माउस, कॅमेरा आणि स्पीकर लागतात, आणि त्यांतले काय पेटीबरोबर येते व काय येत नाही, हे विचारूनच घ्यावे लागते. म्हणून बेरीज कागदावर करावी.

समजा, ऑल-इन-वन १,५०० डॉलरला आहे. मिनीची पेटी ७००, पडदा ३५० आणि बाकीच्या वस्तू १५०, मिळून १,२०० डॉलर. पहिल्या दिवशी फरक ३०० चा. आता समजा, यंत्र सहा वर्षांनी बदलावे लागले आणि पडदा बारा वर्षे चालला. बारा वर्षांत ऑल-इन-वन दोनदा घ्यावा लागेल, म्हणजे ३,००० डॉलर. मिनीची फक्त पेटी दुसऱ्यांदा घ्यावी लागेल, म्हणजे १,२०० आणि ७०० मिळून १,९००. फरक १,१०० डॉलर झाला. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपल्या दुकानातले आकडे घालून हीच बेरीज करावी. मात्र पडद्याचा दर्जा दोन्हीकडे सारखा धरावा. उत्तम पडद्याच्या ऑल-इन-वनची तुलना हलक्या मॉनिटरशी केली, तर तो हिशेब खोटा.

पैसे वाचवायचेच असतील तर ते पडद्यात वाचवू नयेत. डोळे दिवसभर त्यालाच लागलेले असतात. देवनागरीचे अनुस्वार आणि हिब्रूचे नेकुदोत अस्पष्ट दिसत असतील, तर यंत्राचा वेग काय कामाचा?

५. दुकानात विचारायचे चार प्रश्न

पहिला : या ऑल-इन-वनला बाहेरून चित्र आत घेणारी एचडीएमआयची खाच आहे काय? खाच दिसली म्हणून समाधान मानू नये. बरेचदा ती चित्र बाहेर पाठवणारी असते. आत घेणारी असेल, तर यंत्र थकल्यावरही तो पडदा मॉनिटर म्हणून वापरता येईल. २००९ ते २०१४ च्या काही आयमॅकमध्ये अशी सोय होती. पुढच्या आयमॅकमध्ये ती राहिली नाही.

दुसरा : मेमरी आणि साठवण पुढे वाढवता येईल काय? मिनी म्हटले की सारे बदलता येते, हा गैरसमज आहे. पुष्कळ मिनींमध्ये चार स्क्रू काढले की लॅपटॉपची मेमरी बसवता येते. परंतु मॅक मिनी आणि आयमॅक या दोहोंतही मेमरी खरेदीच्या वेळी ठरते ती कायमची. तिथे सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी.

तिसरा : पेटी पडद्याच्या पाठीवर बसवता येईल काय? मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार भोके असतात. या मापाला ‘वेसा’ म्हणतात. त्यांत पट्टी बसवून लहान पेटी मागे अडकवता येते. मॉनिटरचा स्टँड त्याच भोकांत बसत असेल, तर आधी तपासून घ्यावे.

चौथा : वीज-अडॅप्टर कोणता? तो बिघडला तर त्याच व्होल्टचा आणि पुरेशा वॉटचा मिळाला पाहिजे. सिंगापुरात अडॅप्टरवर ‘सेफ्टी मार्क’ची खूण पाहूनच घ्यावा.

६. बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी कित्येक कुटुंबे मुंबईहून सिंगापूर, सिंगापूरहून इस्राएल किंवा ऑस्ट्रेलिया अशी हलतात. सिंगापूर, भारत आणि इस्राएल, तिन्हीकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. बदलतो तो प्लगचा आकार. तेव्हा विजेची काळजी नाही. काळजी काचेची आहे. २०२४ चा मॅक मिनी १२.७ सेंटिमीटर चौरस असून त्याचे वजन पाऊण किलोहूनही कमी आहे. हातातल्या पिशवीतून जाईल. २४ इंची आयमॅक सुमारे साडेचार किलोचा, आणि समोर सगळी काच. त्याचे मूळ खोके जपून ठेवावे लागते. इथल्या फ्लॅटात त्या खोक्याला जागा कुठली? पेटी न्यावी आणि पडदा इथेच कुणाला द्यावा, ही मुभा मिनीवाल्याला आहे.

७. सिंगापुरातल्या ग्राहकाचे हक्क

वॉटर्लू स्ट्रीटवरच्या, १८७८ साली उघडलेल्या मागेन अबोथ सिनेगॉगपासून सिम लिम स्क्वेअरची कॉम्प्युटरची दुकाने पायी जाण्याजोगी आहेत. तिथे चांगली दुकाने पुष्कळ आहेत. पण २०१४ साली तिथल्या एका दुकानाच्या फसवणुकीची बातमी परदेशांतही पोहोचली होती, हे विसरू नये. सांगितलेल्या किमतीत जीएसटी धरला आहे काय, हे आधी विचारावे; १ जानेवारी २०२४ पासून तो ९ टक्के आहे. हमी किती वर्षांची आणि कशाकशाची, हे पावतीवर लिहून घ्यावे.

१ सप्टेंबर २०१२ पासून इथे ‘लेमन लॉ’ लागू आहे. माल हाती आल्यापासून सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळातच होता असे कायदा धरून चालतो. नव्हता हे दुकानदाराने सिद्ध करावे. प्रथम दुरुस्ती किंवा बदली मागता येते. तेही होत नसेल तर किंमत कमी करून किंवा पैसे परत. मात्र ‘आता आवडत नाही’ हा दोष नव्हे. ऐकले नाही तर २०,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यासाठी स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल आहे.

जुने यंत्र कचऱ्याच्या नळीत टाकू नये. सिंगापुरात वर्षाला सुमारे ६०,००० टन ई-कचरा निघतो. १ जुलै २०२१ च्या योजनेनुसार, नवे यंत्र घरी पोहोचवणाऱ्या दुकानाने त्याच प्रकारचे जुने यंत्र मागितल्यास फुकट परत नेले पाहिजे. त्यापूर्वी आपली कागदपत्रे आणि फोटो उतरवून घेऊन त्यातली माहिती पुसावी.

८. मग निर्णय काय?

वडील माणूस एकटे राहते, तारांची धास्ती आहे, आणि मदतीला कोणी जवळ नाही, अशा घरी ऑल-इन-वन खुशाल घ्यावा. फक्त पहिला प्रश्न विचारूनच. ज्या घरी चांगला मॉनिटर आधीच आहे, बिऱ्हाड हलण्याचा संभव आहे, किंवा दहा-बारा वर्षांचा हिशेब पाहायचा आहे, तिथे मिनी पीसी.

आम्ही स्वतः मिनी घेतला आणि मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंनी बसवला. समोरून पाहणाऱ्याला तो ऑल-इन-वनच वाटतो. कॅमेरा आणि स्पीकर जोडायला एक दुपार गेली. आजींना मात्र पहिल्यासारखे एकच बटण दाबावे लागते. आणखी काही वर्षांनी पेटी थकली, तर ते चार स्क्रू सोडायचे, की बैल सुटला. घाणा जागच्या जागी.

शेवटी एक आठवण. शनवार तेल्यांचा घाणा शब्बाथला बंद राही, आणि बैलालाही विसावा मिळे. यंत्र नुसते ‘झोपवून’ ठेवले तर ते मध्येच जागे होऊन कुणाचा तरी कॉल वाजवू शकते. तेव्हा शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी ते रीतसर बंद करावे, आणि मग भिंतीवरचे बटणही. नातवंडांशी बोलणे रविवारी होईलच. आपला शब्बाथ उतरतो तेव्हा त्यांच्याकडे अजून दुपारच असते.

परमेश्वर आपणा सर्वांना कुशल ठेवो. आमेन.