घर घेण्याआधी काय पाहावे?

बैल घ्यायचा तर आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मडके घ्यायचे तर टिचकी मारून पाहतो. पण घर घ्यायचे म्हटले की पुष्कळ लोक ओटीवर बसतात, चहा पितात आणि भाव ठरवून उठतात.

माझ्या थोरल्या भावाने असेच केले. सन १९८७ ची गोष्ट. पनवेल गावात एक जुने कौलारू घर विकायचे होते. महिना एप्रिलचा. भिंतींना नवा चुना, जमीन छान सारवलेली. घर कसे लख्ख दिसत होते! दादाने साठवलेले पैसे काढले. वहिनीने दोन पाटल्या मोडल्या. व्यवहार झाला.

जूनमध्ये पाऊस लागला. पंधरा दिवसांत मागल्या खोलीच्या भिंती कमरेपर्यंत ओल्या झाल्या. चुन्याचे पोपडे पडू लागले. शेजारची म्हातारी म्हणाली, "अरे, आधी मला विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का? ती खोली दर आषाढात अशीच असते."

विकणाऱ्याने चुना लावला हे खरे. पण आम्हीही त्या चुन्याच्या आत पाहिले नाही.

आपल्या पनवेलकडे घराचा मोठा वैरी म्हणजे पाणी. एकीकडे खाडी, एकीकडे गाढी नदी, आणि चार महिने पाऊस. २६ जुलै २००५ चा पाऊस कोण विसरेल? त्या वेळी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांहून अधिक पाऊस मोजला गेला. इकडे गाढीचे पाणी पनवेलच्या सखल वस्तीत शिरले. म्हणून पहिला प्रश्न हाच, की २००५ साली इथे पाणी कुठवर चढले होते? हे विकणाऱ्याला विचारू नका. शेजारच्या दोन-तीन घरी विचारा. म्हाताऱ्या माणसांना पाण्याची खूण नेमकी आठवते.

मग जोते पाहा. ते रस्त्याहून उंच हवे. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर येतो आणि जुने घर खाली राहते. दारात तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर गेले तर ठीक, आत आले तर विचार करा.

घर पावसाळ्यात पाहिलेले उत्तम. ते जमत नसेल तर ओल शोधा. कपाट सरकवून पाहा. न्हाणीघराच्या पाठची भिंत पाहा. चार भिंतींपैकी एकीलाच नवा रंग दिला असेल, तर का दिला ते विचारा. भिंतीवर तळहात ठेवा. पांढरी पूड हाताला लागली तर भिंतीला लोणा लागला असे समजा. अशी भिंत वरून कितीही रंगवा, रंग टिकत नाही. बंद खोलीत कुबट वास येतो का, तेही पाहा. या कामी नाकासारखा साक्षीदार नाही.

आता वर पाहू. कौलारू घराचे वजन आढ्यावर, तुळयांवर आणि वाशांवर असते. शिडी मागून घ्या. लाजू नका. वाशाचे टोक जिथे भिंतीत जाते, तिथेच ओल बसते आणि तिथेच वाळवी लागते. काठीने ठोकून पाहा. निकोप सागाचा आवाज घट्ट येतो, पोखरलेल्या लाकडाचा पोकळ येतो. खिळ्याचे टोक टोचा. ते सहज आत गेले तर वासा गेला. भिंतीवर मातीच्या बारीक रेघा वर चढत गेल्या असतील, तर ती वाळवीची वाट. दिवसा आत उभे राहून कौलांतून उजेड दिसतो का पाहा. उजेड येतो तिथून पाणीही येते. आणखी एक गोष्ट पाहा. तुमच्या पागोळ्या कुणाच्या जागेत पडतात? पागोळ्यांवरून कोर्टात गेलेली घरे मला ठाऊक आहेत.

स्लॅबच्या घरात तांबूस डाग शोधा. आत पाणी गेले की लोखंडी सळई गंजते, फुगते आणि सिमेंट ढकलून पाडते. खाडीच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. केसासारखी भेग चालेल. पण तिरकी, रुंद होत जाणारी भेग म्हणजे पाया खचल्याची शंका.

विहीर असेल तर मे महिन्यात डोकावून पाहा. पाणी चाखून पाहा, खाडीजवळ ते मचूळ असते.

कागदाचे थोडक्यात सांगतो. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ज्याचे नाव पावतीवर, तोच मालक असे नाही. मालमत्ता पत्रकावर किती नावे आहेत ती स्वतः वाचा. बहिणींची नावे असली तर त्यांच्याही सह्या लागतील. कर्जाचा बोजा आहे का ते पाहा. सन १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या घराचे खरेदीखत नोंदवावेच लागते. "साध्या कागदावर लिहून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या.

विसार देण्याआधी त्या घरी पुन्हा एकदा जा, आणि बरोबर ओळखीचा गवंडी किंवा सुतार न्या. त्याला दिवसाची मजुरी द्या. दादाने तेवढी मजुरी वाचवली होती. मागली खोली पाडून, जोते उंच करून पुन्हा बांधायला त्याला तीन पावसाळे लागले.